लिनक्सवरील ग्राफिक्स ड्रायव्हर : दोषांचे निदान आणि उपाय

संगणकाच्या पडद्यावर दिसणारे प्रत्येक चित्र लहान लहान ठिपक्यांचे बनलेले असते. रुंदीत १९२० आणि उंचीत १०८० ठिपके असलेल्या सर्वसाधारण पडद्यावर एकूण २० लाख ७३ हजार ६०० ठिपके मावतात, आणि हे चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवावे लागते. म्हणजेच दर सेकंदाला १२ कोटींहून अधिक ठिपक्यांचा हिशोब ठेवावा लागतो. हे काम मुख्य प्रक्रियकावर न टाकता ते ग्राफिक्स कार्ड नावाच्या स्वतंत्र यंत्रणेकडे सोपविण्यात येते. परंतु कार्ड कितीही सामर्थ्यवान असले तरी त्याला आज्ञा द्यायच्या कशा, हे ठाऊक असलेला एक मध्यस्थ कार्यक्रम लागतो. या मध्यस्थालाच ड्रायव्हर असे म्हणतात.

लिनक्स वापरणाऱ्या मंडळींना ज्या अडचणी वारंवार येतात, त्यांत एन्‌व्हिडिया या कंपनीचा मालकीचा ड्रायव्हर बसविताना येणाऱ्या अडचणी प्रमुख आहेत. ड्रायव्हर बसविला, संगणक पुन्हा सुरू केला आणि पडदा काळाच राहिला, हा अनुभव नवा नाही. अशा वेळी संगणक बिघडला असे समजून पुष्कळजण सारी प्रणाली पुसून नव्याने बसवितात, आणि त्या घाईत वर्षानुवर्षांची कागदपत्रे, छायाचित्रे किंवा संशोधनाची टिपणे गमावून बसतात. वास्तविक या दोषाचा आणि साठविलेल्या माहितीचा काहीएक संबंध नसतो. दोष कोठे आहे हे क्रमाने शोधले तर तो बहुधा पुसापुशी न करता दूर होतो. तो क्रम कोणता व त्यामागील कारणे कोणती, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

एक खुलासा आरंभीच केला पाहिजे. पुढे आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष संगणकावर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकावयाच्या असतात.

दोष का उद्भवतो?

लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नेल. हेल्सिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्‌स यांनी १९९१ मध्ये तो प्रथम प्रसिद्ध केला आणि १९९२ मध्ये तो जीपीएल या मुक्त परवान्याखाली आणला. तेव्हापासून कर्नेलची मूळ संहिता कोणालाही वाचता येते, बदलता येते आणि पुढे देता येते. बहुतेक उपकरणांचे ड्रायव्हर या संहितेतच समाविष्ट असतात. कर्नेलचा एखादा भाग बदलला की तो बदल करणारी व्यक्तीच त्यावर अवलंबून असलेले ड्रायव्हरही सुधारते. त्यामुळे कर्नेलच्या अंतर्गत रचनेत केव्हाही फेरफार करण्याची मोकळीक विकासकांना राहते. ही अंतर्गत रचना स्थिर ठेवण्याचे वचन त्यांनी कोणालाही दिलेले नाही. तसे वचन न देणे हे त्यांचे जाहीर धोरणच आहे.

मालकीच्या ड्रायव्हरची स्थिती याहून निराळी असते. त्याची संहिता कंपनीच्या ताब्यात असते आणि वापरणाऱ्याच्या हाती येतो तो यंत्रभाषेतील तयार संच. या संचाभोवती संहितेचा एक पातळ थर असतो. तो वापरणाऱ्याच्या संगणकावर, त्याच्याकडे जो कर्नेल असेल त्यासाठी, कंपाइल केला जातो, आणि त्यातून कर्नेलला जोडता येईल असे मॉड्यूल तयार होते. नवा कर्नेल साधारणपणे नऊ ते दहा आठवड्यांनी प्रसिद्ध होतो. दर वेळी हा थर नव्याने कंपाइल व्हावा लागतो आणि नव्या रचनेशी जुळावा लागतो. दोन कारागिरांपैकी एकजण चौकटीचे माप वारंवार बदलतो आणि दुसरा आपले दार बंद खोलीत तयार करतो, अशी ही अवस्था आहे. आपण पाहणार आहोत त्यांपैकी बरेचसे दोष या एका गोष्टीतून निघतात.

या ड्रायव्हरचे मॉड्यूल कर्नेलमध्ये भरले गेले की कर्नेल स्वतःवर ‘टेंटेड’, म्हणजे दूषित, अशी खूण करून ठेवतो. तिचा अर्थ संगणकाला धोका आहे असा नव्हे. कर्नेलमध्ये आता एक असा भाग आला आहे की ज्याची तपासणी विकासक करू शकत नाहीत, एवढीच सूचना तीत असते. अशा कर्नेलविषयीच्या तक्रारींत विकासक सहसा लक्ष घालीत नाहीत, कारण दोष आपल्या भागात आहे की बंद भागात आहे, हे ठरविण्याचे साधन त्यांच्यापाशी नसते.

प्रथम संगणक सुरू करणे

पडदा काळा पडला असता पहिले उद्दिष्ट एकच असावे : कोणत्या तरी मार्गाने प्रणालीत प्रवेश मिळविणे. त्याचे तीन मार्ग आहेत, आणि ते सोप्याकडून कठीणाकडे याच क्रमाने योजावेत.

पहिला मार्ग म्हणजे कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ या कळा एकत्र दाबणे. पुष्कळदा फक्त चित्रमय भाग बंद पडलेला असतो. मूळ प्रणाली व्यवस्थित चालू असते. तसे असल्यास या कळांनी अक्षरी पडदा उघडतो आणि नाव व परवलीचा शब्द देऊन आत जाता येते.

दुसरा मार्ग जुन्या कर्नेलचा. बहुतेक वितरणे नवा कर्नेल बसविताना आधीचा तसाच ठेवतात. संगणक सुरू होताना ग्रब या प्रारंभक कार्यक्रमाची यादी आणावी. ती आपोआप दिसत नसेल तर एस्केप किंवा शिफ्ट कळ दाबावी. तेथील प्रगत पर्यायांत आधीचा कर्नेल निवडावा.

तिसरा मार्ग तात्पुरत्या सूचनेचा. ग्रबच्या यादीत ‘ई’ कळ दाबली की प्रारंभाच्या ओळी दिसू लागतात. त्यांपैकी ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ हा शब्द जोडावा आणि एफ-१० दाबावे. या सूचनेमुळे कर्नेलमधील ग्राफिक्स ड्रायव्हर पडद्याची मांडणी आपल्या हाती घेत नाहीत व साधे चित्र मिळते. ही सूचना त्या एका वेळेपुरतीच असते. तो उपाय नव्हे. उपाय करण्यासाठी मिळालेला अवकाश आहे.

आत प्रवेश मिळताच महत्त्वाच्या माहितीची एक प्रत बाहेरच्या साधनावर घ्यावी. दुरुस्तीस त्यानंतर हात घालावा.

परीक्षा कशी करावी?

वैद्य जसा औषधाआधी नाडी पाहतो तशी येथेही काही तपासणी आवश्यक आहे. चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की दोषाचे क्षेत्र बरेच आटोक्यात येते.

पहिला प्रश्न : कार्ड कोणते आणि सध्या त्यावर कोणता ड्रायव्हर चालतो? ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा ‘के’ या पर्यायासह दिली असता प्रत्येक उपकरणाखाली त्याच्या वापरात असलेल्या ड्रायव्हरचे नाव येते. तेथे ‘एन्‌व्हिडिया’ असे नाव दिसले तर मॉड्यूल भरले गेले आहे. ‘नूवो’ दिसले तर मुक्त ड्रायव्हरने जागा व्यापली आहे. काहीच दिसले नाही तर कोणताही ड्रायव्हर कार्डापर्यंत पोचलेला नाही.

दुसरा प्रश्न : कर्नेल कोणता चालू आहे? ‘यूनेम’ ही आज्ञा ‘आर’ पर्यायासह दिली की त्याची नेमकी आवृत्ती कळते.

तिसरा प्रश्न : त्या कर्नेलसाठी मॉड्यूल तयार झाले आहे काय? डेबियन, उबुंटू आदी वितरणांत हे काम डीकेएमएस ही व्यवस्था करते. डेल कंपनीने विकसित केलेली ही व्यवस्था नवा कर्नेल आला की मॉड्यूल आपोआप नव्याने कंपाइल करते. ‘डीकेएमएस स्टेटस’ या आज्ञेने कोणत्या कर्नेलसाठी मॉड्यूल बसविले गेले आहे, त्याची यादी मिळते.

चौथा प्रश्न : कर्नेल स्वतः काय सांगतो? ‘डीमेसेज’ या आज्ञेने कर्नेलची रोजनिशी वाचता येते. तीत एन्‌व्हिडिया आणि नूवो या नावांच्या ओळी शोधाव्यात. बहुतेक दोषांचे कारण तेथे एखाद्या वाक्यात लिहिलेले सापडते; अडचण एवढीच की काळ्या पडद्यासमोर बसलेला मनुष्य ते वाचायला जात नाही.

प्रमुख दोष आणि त्यांचे निवारण

(१) हेडर फाइलींचा अभाव. मॉड्यूल कंपाइल करताना कर्नेलच्या अंतर्गत रचनेचे वर्णन करणाऱ्या हेडर फाइली लागतात, आणि त्या चालू कर्नेलच्याच आवृत्तीच्या असाव्या लागतात. पुष्कळदा कर्नेल अद्ययावत होतो, पण हेडर मागे राहतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, डेबियन प्रणालीचा एक संगणक काल व्यवस्थित चालत होता, आणि रात्री अद्ययावत केल्यानंतर आज पडदा काळा आहे. ग्रबमधून जुना कर्नेल निवडताच चित्र पूर्ववत दिसले. एवढ्यावरून तीन गोष्टी सिद्ध होतात : कार्ड शाबूत आहे, ड्रायव्हर कार्डाला योग्य आहे आणि दोष नव्या कर्नेलशी असलेल्या जोडणीत आहे. आता ‘डीकेएमएस स्टेटस’ पाहता फक्त जुन्या कर्नेलचे नाव दिसते. नव्या कर्नेलचे हेडर आहेत का ते पाहावे, तर ते नाहीत. ते बसविले की डीकेएमएस बहुधा स्वतःच कामाला लागते. न लागल्यास ‘डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल’ ही आज्ञा नव्या कर्नेलची आवृत्ती स्पष्टपणे देऊन चालवावी. आवृत्ती न दिल्यास ती चालू असलेल्या, म्हणजे जुन्याच, कर्नेलसाठी काम करील आणि दोष तसाच राहील. पुढे हा प्रसंग पुन्हा येऊ नये म्हणून प्रत्येक कर्नेलबरोबर त्याचे हेडर आणणारे ‘लिनक्स-हेडर्स’ हे सामायिक पॅकेज बसवून ठेवावे.

हेडर असूनही कंपाइल होत नसेल तर डीकेएमएसने ठेवलेली ‘मेक’ नावाची नोंदवही वाचावी. तीत शेवटच्या चुकीपेक्षा पहिली चूक महत्त्वाची असते. नंतरच्या चुका बहुधा तिच्यातूनच उद्भवलेल्या असतात. कर्नेल नवा आणि ड्रायव्हर जुना असेल, तर नवा ड्रायव्हर मिळेपर्यंत जुन्या कर्नेलवर काम चालविणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

(२) नूवोशी संघर्ष. नूवो हा एन्‌व्हिडियाच्या कार्डांसाठी स्वयंसेवकांनी, कंपनीच्या माहितीविना, कार्डाच्या वर्तनाचा अभ्यास करून लिहिलेला मुक्त ड्रायव्हर आहे. २०१० मधील २.६.३३ या आवृत्तीपासून तो कर्नेलचा भाग झाला. एका कार्डावर एका वेळी एकच ड्रायव्हर ताबा ठेवू शकतो. नूवोने आधी ताबा घेतला असेल तर मालकीचे मॉड्यूल आत येऊ शकत नाही. यासाठी ‘मोडप्रोब डॉट डी’ या निर्देशिकेत एक लहानशी फाइल ठेवून नूवोला ‘ब्लॅकलिस्ट’ करावे लागते. वितरणाचे पॅकेज हे काम आपोआप करते. मात्र एक पायरी नेहमी विसरली जाते. संगणक सुरू होताना प्रथम वाचली जाणारी प्रारंभिक स्मृतिप्रत, म्हणजे इनिटरॅमएफएस, नव्याने बनवावी लागते. नाही तर जुन्या प्रतीतील नूवो पुन्हा पुढे येतो. डेबियन व उबुंटूत हे काम ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’ने आणि फेडोरात ‘ड्रॅकट’ने होते. ‘बूट’ हा विभाग जुन्या कर्नेलांनी पूर्ण भरलेला असेल तर ही प्रत अर्धवट राहते. म्हणून तेथे मोकळी जागा आहे का, तेही पाहावे.

(३) सिक्युअर बूटचा नकार. २०१२ नंतरच्या बहुतेक संगणकांत सिक्युअर बूट ही व्यवस्था असते. ती चालू असता, ज्याच्यावर मान्य स्वाक्षरी नाही असे मॉड्यूल कर्नेल स्वीकारीत नाही. वापरणाऱ्याच्या घरी कंपाइल झालेल्या मॉड्यूलवर अशी स्वाक्षरी कोठून असणार? अशा वेळी ‘मोडप्रोब’ आज्ञा ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असे उत्तर देते, म्हणजे किल्ली नाकारली गेली. ‘मॉकयूटिल’ने व्यवस्था चालू आहे की बंद, हे कळते. उपाय दोन आहेत. एक, फर्मवेअरच्या मांडणीत जाऊन सिक्युअर बूट बंद करणे. दुसरा व अधिक चांगला, आपली स्वतःची किल्ली नोंदविणे. उबुंटूत ड्रायव्हर बसविताना एक परवलीचा शब्द विचारला जातो. संगणक पुन्हा सुरू होताना एक निळा पडदा येतो. तेथे ‘एन्‌रोल मॉक’ निवडून तोच शब्द द्यावयाचा असतो. हा पडदा थोडाच वेळ थांबतो. तो नकळत ओलांडला गेला तर किल्लीची नोंद होत नाही आणि सर्व काही बरोबर करूनही ड्रायव्हर चालत नाही.

(४) आवृत्तींतील तफावत. ड्रायव्हरचे एक अंग कर्नेलमध्ये आणि दुसरे वापरकर्त्याच्या ग्रंथालयांत, म्हणजे लायब्ररींत असते. दोन्हींची आवृत्ती अंकाअंकाने जुळावी लागते. अद्ययावत केल्यानंतर नव्या लायब्ररी आल्या, पण स्मृतीत मॉड्यूल जुनेच राहिले, तर ‘एन्‌व्हिडिया-एसएमआय’ ही आज्ञा ‘व्हर्जन मिसमॅच’ असे सांगते. पुष्कळदा संगणक एकदा पुन्हा सुरू करणे एवढाच यावर उपाय असतो. तेवढ्याने भागले नाही तर ड्रायव्हर दोन मार्गांनी बसविला गेला असण्याची शंका घ्यावी. कंपनीच्या संकेतस्थळावरून घेतलेला ‘रन’ संच वितरणाच्या पॅकेज व्यवस्थेला न कळविता आपल्या फाइली ठिकठिकाणी ठेवतो. नंतर वितरणाचे पॅकेज बसविल्यास दोहोंची सरमिसळ होते. अशा स्थितीत ‘एन्‌व्हिडिया-अनइन्स्टॉल’ने पहिला संच पूर्ण काढावा आणि मग एकच मार्ग धरावा. सर्वसामान्य वाचकाने वितरणाचाच मार्ग धरावा हे उत्तम : उबुंटूत ‘उबुंटू-ड्रायव्हर्स’, डेबियनमध्ये ‘नॉन-फ्री’ विभाग आणि फेडोरात ‘आरपीएम फ्यूजन’ या भांडारातील ‘एकेमॉड’ पॅकेज. शेवटच्या मार्गात मॉड्यूल पार्श्वभूमीवर काही मिनिटे तयार होत असते. ते पूर्ण होण्याआधी संगणक पुन्हा सुरू करू नये. सी-डॅकची भारतीय प्रणाली ‘बॉस’ ही डेबियनवर आधारलेली असल्यामुळे डेबियनविषयी जे सांगितले ते तिच्या बाबतीतही मार्गदर्शक ठरते.

(५) जुने कार्ड. प्रत्येक ड्रायव्हर प्रत्येक कार्ड ओळखत नाही. कंपनी काही वर्षांनी जुन्या पिढीचा आधार मुख्य शाखेतून काढून घेते. फर्मी पिढीसाठी ३९० आणि केप्लर पिढीसाठी ४७० ही अखेरची शाखा होय, आणि या दोन्ही शाखांचा कंपनीने दिलेला आधार आता संपला आहे. अशा कार्डावर नवा ड्रायव्हर बसविल्यास तो मुकाट्याने कार्डाकडे दुर्लक्ष करतो आणि ‘डीमेसेज’मध्ये तसे नोंदवितो. येथे नूवो वापरणे हाच बहुधा व्यवहार्य मार्ग राहतो. लेखन, वाचन व कार्यालयीन कामाला तो पुरेसा आहे.

(६) दोन कार्डांचा लॅपटॉप. पुष्कळ लॅपटॉपमध्ये इंटेल किंवा एएमडीचे एक आणि एन्‌व्हिडियाचे दुसरे अशी दोन कार्डे असतात, आणि अंगचा पडदा बहुधा पहिल्याला जोडलेला असतो. म्हणून एन्‌व्हिडियाचा ड्रायव्हर नीट बसूनही कार्यक्रम पहिल्याच कार्डावर चालतात. हा बिघाड नव्हे, वीज वाचविण्याची योजना आहे. २०१९ मधील ४३५ या आवृत्तीपासून एखादाच कार्यक्रम दुसऱ्या कार्डावर चालविण्याची सोय झाली आहे. तिला ‘प्राइम’ असे म्हणतात.

बंद दार किलकिले होताना

या अडचणी अटळ नाहीत, हे एएमडीच्या उदाहरणावरून दिसते. या कंपनीचाही एकेकाळी बंद ड्रायव्हर होता व त्याच्याही अशाच तक्रारी होत्या. २००७ पासून तिने आपल्या कार्डांची माहिती प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, आणि २०१५ मध्ये ‘एएमडीजीपीयू’ हा मुक्त ड्रायव्हर कर्नेलमध्ये दाखल झाला. आज तिची बहुतेक कार्डे वेगळा ड्रायव्हर न बसविता चालतात.

एन्‌व्हिडियाच्या बंदिस्तपणावर २०१२ मध्ये फिनलंडमधील एका विद्यापीठात बोलताना टोरवाल्ड्‌स यांनी अत्यंत कडक शब्दांत रोष व्यक्त केला होता. त्यानंतर दहा वर्षांनी, मे २०२२ मध्ये, कंपनीने आपल्या कर्नेल मॉड्यूलची संहिता मुक्त परवान्याखाली खुली केली. ट्युरिंग व त्यानंतरच्या पिढ्यांसाठी ती आहे; २०२४ मध्ये आलेल्या ५६० या शाखेपासून अशा कार्डांवर तीच प्रथम पसंतीने बसविली जाते, आणि ब्लॅकवेल या पिढीला तर मुक्त मॉड्यूलच लागते. ज्याचे कार्ड या पिढीचे असूनही ड्रायव्हर चालत नसेल, त्याने आपण मुक्त मॉड्यूल निवडले आहे ना, हे अवश्य पाहावे. तथापि कार्डाच्या पोटातील फर्मवेअर आणि वापरकर्त्याच्या बाजूच्या लायब्ररी अद्याप बंदच आहेत.

बंद ड्रायव्हर वापरावा की नाही, हा ज्याच्या त्याच्या गरजेचा प्रश्न आहे. त्रिमिती चित्रण, वैज्ञानिक गणन किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेचे काम करणाऱ्याला आज त्यावाचून गत्यंतर नसते. परंतु जी वस्तू आपल्याला उघडून पाहता येत नाही तिची दुरुस्ती दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहते, आणि त्याने आधार काढून घेतला की चांगले चालणारे कार्डही निरुपयोगी ठरू शकते, हे ध्यानात ठेवून संगणकाची निवड करावी. ज्यांनी निवड आधीच केली आहे त्यांनी एवढे तीन नियम पाळावेत : ड्रायव्हर एकाच मार्गाने बसवावा, एक चालता कर्नेल नेहमी शिल्लक ठेवावा, आणि पडदा काळा झाला तर काहीही पुसण्याआधी कर्नेलची रोजनिशी वाचावी.